एकोणचाळीस जणांची माय

सत्यशीलाला सहसा कुणी आवडत नसे, आणि ती ते लपवतही नसे. केजपासून जीपने अर्ध्या तासावरच्या एका गावात ती अंगणवाडी सेविका होती. वीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसून, वजनं घेऊन, खिचडी वाढून आणि वर सुपरवायझर मॅडमची बोलणी खाऊन जगाबद्दल तिचं एक मत तयार झालं होतं, आणि ते काही फार चांगलं नव्हतं. सुपरवायझर मॅडम तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. पोराला काट्यावर ठेवण्याआधी काटा शून्यावर आणावा लागतो, हे त्या बाईला सत्यशीलानेच शिकवलं होतं. पण ती पदवीधर आणि सत्यशीला बारावी. त्यामुळे भेटीच्या दिवशी ती खुर्चीत बसायची आणि सत्यशीला रजिस्टर घेऊन उभी राहायची.

पदवी असली तर सेविकेलाही सुपरवायझरच्या परीक्षेला बसता येतं, हे तिला एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं. वय पंचेचाळीसच्या आत लागतं, हेही त्याच दिवशी कळलं. म्हणजे हातात चार वर्षं, त्यातली तीन बी.ए.ला जाणार. घरी तिने विषय काढला तेव्हा नवरा, सोमेश्वर, भाकरी मोडता मोडता थांबला.

"ह्या वयात कालेज? लोक हासतील की."

"हासू द्या. लोकान्ला दुसरा उद्योग काय हाय?" ती म्हणाली, आणि विषय संपला.

मुक्त विद्यापीठाची फी तिच्या मानधनात बसत होती, पुस्तकंही फीमध्येच मिळत होती आणि नोकरी सोडायची गरज नव्हती. दर रविवारी केजच्या एका कॉलेजात तास असायचे. पहिल्या रविवारी वर्गात अकरा जण आले. दुसऱ्या रविवारी चार. तिसऱ्या रविवारी सत्यशीला एकटीच होती, आणि समोर शिकवायला आलेले सर मोबाइल बघत बसले होते. तिला पाहून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "तुम्ही खरंच आलात?" असं त्यांनी विचारलं, जणू लग्नाचं निमंत्रण नुसतं रीत म्हणून दिलं होतं आणि ही पाहुणी सामानासकट हजर झाली होती. तिने पुस्तक उघडलं आणि म्हणाली, "सर, पान बारा." पुढे तीन वर्षं त्या सरांना तिने पान बारापासून शेवटपर्यंत शिकवायला लावलं.

यादीवर एकूण एकोणचाळीस नावं होती. त्यात ग्रामपंचायतीचे शिपाई होते, दुकानदार होते, लग्नाच्या पत्रिकेत नावापुढे कंसात बी.ए. छापायचं म्हणून आलेले नवरदेव होते. सत्यशीलाने सगळ्यांना एकदाच नीट पाहून घेतलं आणि मनातून काढून टाकलं. अभ्यासाचं पुस्तक ह्यातल्या निम्म्यांनी पाकिटातून बाहेरसुद्धा काढलेलं नव्हतं. परीक्षा जवळ आली की केजच्या स्टँडसमोर बंकटच्या झेरॉक्सच्या दुकानात हे सगळे जमायचे. बंकट उत्तरं बारीक अक्षरात छापून द्यायचा, खिशात मावतील अशी. सत्यशीला त्याच दुकानात स्वतःच्या वह्यांना पुठ्ठा चढवायला जायची. तिथे जमलेल्यांकडे ती अंगणवाडीत चिखल खाणाऱ्या पोरांकडे बघावं तसं बघायची.

सगळ्यांत जास्त राग तिला शहादेवरावांचा यायचा. शहादेवराव म्हणजे तिच्याच गावचे पुढारी, एकदा पंचायत समितीवर निवडून आलेले आणि दोनदा पडलेले. तेलगावच्या शिवारात त्यांचा चाळीस एकर ऊस. गावच्या चौकात त्यांचा फ्लेक्स बारा महिने असायचा, फक्त सण बदलायचा. त्यावर नावाच्या अलीकडे आधारस्तंभ, मार्गदर्शक, भावी आमदार असं बरंच काही असायचं, पण नावाच्या पलीकडची जागा रिकामी होती. ती भरायला त्यांना बी.ए. हवं होतं. परीक्षा सोडल्या तर तीन वर्षांत ते कॉलेजात दोनदा आले, दोन्ही वेळा गाडीतून उतरले नाहीत. कॉलेजातल्या मुक्त विद्यापीठाच्या केंद्राचे संयोजक सरच धावत गाडीपाशी गेले आणि खिडकीतून सही घेऊन आले.

शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प असतो. स्वतःच्या परिसरातल्या एका कष्टकरी माणसाचं जीवन लिहायचं, चाळीस पानं, स्वतःच्या हस्ताक्षरात. सत्यशीलाने आपली आई निवडली. बायनाबाई आता सत्तरीला आली होती आणि लेकीकडेच राहायची. पंचवीस हंगाम तिने ऊस तोडला होता. दिवाळी झाली की टोळीबरोबर जायचं, फडातच पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, घालून राहायचं, आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत यायचं. सत्यशीला रोज दुपारी अंगणवाडी झाडून झाली की आईसमोर वही घेऊन बसायची. बायनाबाई वाटाणे सोलत सांगायची. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये कसं चढायचं, पाय घसरला तर मोळी कुठल्या बाजूला टाकायची, ताप आला तरी टोळीचा मुकादम माणसाला कसा उठवायचा. एक दिवस कामाचा खाडा झाला तर तो कसा अंगावर येतो, तेही. सत्यशीलाने सगळं लिहिलं. वीस वर्षं नुसती रजिस्टरं भरलेल्या हाताला हे असं काही लिहिता येतं, ह्याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

सतराव्या पानावर तिने गुळाची गोष्ट लिहिली. शाळा बुडू नये म्हणून नऊ वर्षांच्या सत्यशीलाला त्या हंगामात केजला मावशीकडे ठेवलं होतं. पाच महिन्यांनी टोळी परतली, तेव्हा बायनाबाई ट्रकमधून उतरली ती घरी न जाता थेट शाळेच्या दारात आली, लेकीसाठी गूळ घेऊन. पान लिहून झाल्यावर सत्यशीला बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, मग तिने वही मिटली.

वहीला पुठ्ठा चढवायला ती बंकटकडे गेली. बंकट म्हणाला, "ठिवून जा ताई, उद्या घेऊन जा." ती ठेवून आली. माणसांवर कधीच विश्वास न ठेवणाऱ्या बाईने आयुष्यात एकदा ठेवला, तोही बंकटवर.

जूनमध्ये परीक्षा झाल्या. ऑगस्टमध्ये निकाल लागायचा होता, पण शहादेवरावांना एवढा दम कुठला. त्यांच्या वाढदिवसाला चौकात नवा फ्लेक्स लागला, नावापुढे बी.ए. आणि डोक्यावर काळी चौकोनी टोपी. जेसीबीच्या तोंडातून त्यांच्या अंगावर झेंडूची फुलं ओतली गेली. अंगणवाडीची पोरं फुलं वेचायला पळाली आणि सत्यशीलाला त्यांना हाताला धरून परत आणावं लागलं.

मग निकाल लागला. तिच्या नावापुढे लिहिलं होतं, राखून ठेवला. सगळे विषय पास, आणि निकाल राखून ठेवलेला. दुसऱ्या दिवशी ती केजला गेली. संयोजक सरांच्या टेबलावर वह्यांचा ढीग होता.

"काय सांगू मॅडम," सर म्हणाले, "सगळ्यांचं सेम-सेम झालंय."

तिने वरची वही उचलली. शहादेवरावांची होती. पहिलंच वाक्य तिने दोनदा वाचलं. माझी आई बायनाबाई हिने पंचवीस हंगाम ऊस तोडला. दुसरी वही उघडली, गावच्या शिपायाची. माझी आई बायनाबाई. तिसरी, चौथी, दहावी. बंकटने तिची वही रात्रभर ठेवून अडतीस प्रती काढल्या होत्या आणि विकल्या होत्या. ह्या थोरांना निदान आईचं नाव बदलण्याइतकी अक्कल असायला हवी होती. पण वाचायचे कष्टच कुणी घेतले नव्हते. कुणी पुतण्याकडून उतरवून घेतलं, कुणी मेहुणीकडून. मिशांना पीळ भरणाऱ्या माणसांच्या वहीत लिहिलं होतं, मी तिची थोरली मुलगी.

"सर, माझी आई आहे ही," ती म्हणाली.

"ते सगळ्यांनीच लिहिलंय ना," सर म्हणाले. "विद्यापीठाकडून बाई येणार आहेत चौकशीला. पुढच्या सोमवारी. त्यांच्यापुढे बघू."

दोन दिवसांनी शहादेवराव स्वतः अंगणवाडीत आले. ह्या वेळी गाडीतून उतरले. पोरं खिचडी खात होती. ते उंबऱ्यावर टेकले आणि आवाज एकदम खाली आणून बोलू लागले.

"सत्यशीलाताई, आपण एका गावचे. सोमवारी एवढंच सांगायचं, की समद्यांनी मिळून केलं. गटकार्य. संयोजक सर बी तेच म्हणतेत. तुमी पास, आमी पास."

"आन् म्या न्हाई म्हणलं तर?"

"तर मंग आमी समदे म्हणू की तुमीच झेरॉक्स काढून इकल्या. अडतीस तोंडं एकीकडं, तुमचं एक. अंगणवाडीच्या बाईनं असा धंदा केला म्हणल्यावर वर अर्ज जाईल. सुपरवायझर ऱ्हायली बाजूला, हाय ती नोकरी बी जाईल." मग एका पोराच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "लई वंगाळ वाटतंय सांगताना."

ते गेल्यावर तिने पोरांची ताटं उचलली. मनात तिने हिशेब मांडून पाहिला. पुढच्या मार्चमध्ये ती पंचेचाळीस पूर्ण करणार होती. प्रकल्प नामंजूर झाला तर एक वर्ष जाणार, म्हणजे सगळंच जाणार. गटकार्य, एवढा एक शब्द उच्चारला की पदवी. तिच्यासारख्या बाईला हा विचार दोन दिवस सोडेना, ह्याचीच तिला सगळ्यात जास्त चीड आली.

घरी तिने आईला सगळं सांगितलं. बायनाबाई ऐकत होती. मधेच तिने विचारलं, "किती म्हणलीस?"

"अडतीस. अन् मी."

"एवढी लेकरं हायत म्हणं माजी, अन् एकानं बी कवा च्या पाजला न्हाई," बायनाबाई म्हणाली. "सोमवारी मी बी येते. बघू तरी तोंडं."

सोमवारी दोघी जीपने केजला गेल्या. कॉलेजच्या व्हरांड्यात सगळे जमले होते, इस्त्रीच्या कपड्यांत. बायनाबाई काठी टेकत सरळ शहादेवरावांपुढे जाऊन उभी राहिली.

"तूच का रं शहादेव? तेलगावला तुज्या बापाचा ऊस म्या तोडलाय, दोन हंगाम. तवा तू मोटारसायकलीवर बांधावर यायचास. एकदा बी माय म्हणला न्हाईस."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकला काढला. शहादेवरावांनी मोबाइल कानाला लावला, वाजला नव्हता तरी.

विद्यापीठाच्या बाई मध्यमवयीन होत्या, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन आलेल्या. त्यांनी चहा नाकारला, शाल नाकारली आणि ढीग पुढ्यात ओढला. संयोजक सर गटकार्याबद्दल बोलायला उठले, तेव्हा बाईंनी त्यांना हातानेच खाली बसवलं. "तुमच्याकडेही येणार आहे मी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी एकेकाला उभं करून एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली. सतराव्या पानावर आई शाळेत गूळ घेऊन येते. तो कशात आणला होता?

वहीत ते लिहिलेलं नव्हतं. शिपाई म्हणाला, डब्यात. एक दुकानदार म्हणाला, कॅरीबॅगमध्ये. एकाने, आई देवाघरी गेली, आता आठवत नाही, असं सांगून डोळे पुसले. त्याची आई आदल्याच दिवशी बाजारात सत्यशीलाला भेटली होती. शहादेवराव म्हणाले, "पेटीत. आमच्याकडं पेटीतच येतो."

"सतरावं पान वाचा जरा," बाई त्यांना म्हणाल्या.

शहादेवरावांनी वही धरली आणि जयंतीच्या भाषणाचा आवाज काढला. "आई दारात उभी होती. तिला बघताच मी धावत गेले आणि तिच्या गळ्यात पडले. गुरुजी म्हणाले, कोण गं ही? मी अभिमानाने म्हणाले, ही माझी आई आहे."

"न्हाई," मागच्या बाकावरून आवाज आला. "असं न्हाई झालतं."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. बायनाबाईला वाचता येत नव्हतं. वहीत काय लिहिलंय ते आज पहिल्यांदाच तिच्या कानावर पडलं होतं. सत्यशीलाने मान खाली घातली. शहादेवरावांचा चेहरा मात्र एकदम उजळला.

"बघा मॅडम! खुद्द आईच म्हणतीय की खोटं हाय. म्हंजे हिचं बी कुठूनतरी उतरलेलंच."

बाईंनी चष्मा काढला. "सत्यशीलाताई, उभ्या राहा. तुम्ही लिहिलंय ना हे? मग खोटं कसं?"

सत्यशीला उभी राहिली. तीन वर्षं तिने ह्या अडतीस जणांकडे नाक वर करून पाहिलं होतं. खोटारडे, उतरवणारे, फुकटे, मनातल्या मनात तिने त्यांना काय काय नावं ठेवली होती. आता त्याच अडतीस जणांसमोर सांगायचं होतं.

"गूळ डोक्याच्या फडक्यात बांधून आणला होता," ती म्हणाली. "ऊस तोडताना बाया डोक्याला बांधतात, त्या फडक्यात. ते काळं पडलेलं होतं. तिचे हात फाटलेले होते, लुगड्याला चीक लागून ते कडक झालं होतं. वर्गातल्या पोरी नाकाला हात लावून बघत होत्या. गुरुजींनी विचारलं, कोण गं ही?" तिने एकदा आईकडे पाहिलं. "मी म्हणाले, आमच्या गावची बाई आहे. जागची उठलेसुद्धा नाही. तिने गूळ दारात ठेवला आणि ती गेली. चाळीस पानांत तेवढंच खोटं आहे, मॅडम. ते कुठं आहे हे ह्यांच्यातल्या कुणाला सांगता आलं नसतं. कारण माझ्या आईला मी नाकारलंय, ह्यांनी नाही."

बाईंनी काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं. मग म्हणाल्या, "अडतीस प्रकल्प नामंजूर. पुढच्या वर्षी पुन्हा करायचे, स्वतः. सत्यशीलाताई, हे एक पान आठ दिवसांत दुरुस्त करून पाठवा. मग निकाल मिळेल." संयोजक सरांना त्यांनी मागे थांबायला सांगितलं. शहादेवराव कुणालातरी मोठ्या माणसाला फोन लावत बाहेर गेले. चौकातला फ्लेक्स मात्र पुढे दोन महिने तसाच राहिला, आणि पावसाने नेमकी टोपीच धुऊन नेली.

परतीच्या जीपमध्ये मायलेकी दाटीवाटीने बसल्या होत्या. गावात उतरून चालताना सत्यशीलाने विचारलं,

"माय, तवा ऐकू आलतं तुला?"

"दारातच व्हते की मी."

"मग इतकी वर्सं कावून बोलली न्हाईस?"

"काय बोलायचं? नऊ वर्साची व्हतीस," बायनाबाई म्हणाली आणि काठीने वाटेतला दगड बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं घरी गेल्यावर सत्यशीलाने सतरावं पान पुन्हा लिहिलं. फडकं लिहिलं, चीक लिहिला, गावची बाई लिहिलं. तीन वेळा कागद बदलावा लागला. मग तिने ते आईला वाचून दाखवलं. बायनाबाईने सगळं ऐकलं, मान हलवली, आणि थोड्या वेळाने विचारलं,

"आन् गुळाचं काय झालतं? खाल्ला व्हता का तू?"

सत्यशीलाने वहीवरून नजर काढली नाही. "खाल्ला," ती म्हणाली. "शाळा सुटल्यावर भिंतीमागं बसून. समदा मीच खाल्ला, कुणाला दिला न्हाई. मग ते फडकं धुवून दप्तरात ठिवलं."

"मग तेवढं बी लिव्ह की," बायनाबाई म्हणाली.